नव्या घरातली हाक

उभा संसार सालवडच्या भाड्याच्या खोलीत केलेल्या रत्नाबाईंच्या हातात लेकानं, भाग्येशनं, पालघरच्या नव्या फ्लॅटची किल्ली ठेवली.

खोल्या रिकाम्या होत्या, उन्हानं भरलेल्या. "आई!" भाग्येश गमतीनं ओरडला. भिंतींनी "आई, आई" म्हटलं आणि दोघं खळखळून हसली.

हसता हसता रत्नाबाईंचे डोळे भरून आले. दोन वर्षांपूर्वी वारलेल्या नवऱ्याला त्यांनी मोठ्यानं हाक मारली, "अहो, आपलं घर झालं बघा!"

या वेळी भिंती गप्प राहिल्या.

मग स्वयंपाकघरातून आवाज आला, शिफ्टवरून आल्यावर यायचा तसाच, "मग चहा टाक की!"

भाग्येश पांढराफटक पडला. रत्नाबाई मात्र पदर खोचून, "आले, आले," म्हणत नव्या नवरीच्या लगबगीनं आत गेल्या.