विंगेतला खोकला

मावशीची नाटकं पडली, कादंबऱ्या रद्दीत गेल्या आणि ती स्वतः गेली तेव्हा पेपरात दोन ओळीसुद्धा आल्या नाहीत. शेवटचं नाटक तर ती अर्धवटच टाकून गेली होती. भाचीने तेच हट्टाने बसवायला घेतलं, तेव्हा घरच्यांनी तिला वेड्यात काढलं. "अर्धं नाटक बघायला येणार कोण?"

भर दुपारी तालीम चालली होती. प्रॉम्प्टरचा घसा बसल्यामुळे तो आला नव्हता. नायिका मध्येच अडखळली, तोच डाव्या विंगेतून बारीक खोकला आला आणि पाठोपाठ तिचं विसरलेलं वाक्यही.

"तिथे कोण बसलंय?" भाचीने विचारलं.

"कोणी नाही, ताई," पडदा ओढणारे काका म्हणाले आणि जरा घुटमळले. "तुमच्या मावशी मात्र स्वतःच प्रॉम्प्टिंग करायच्या. आधी खोकायच्या, म्हणजे नटाने कान द्यावा."

भाचीने जाऊन पाहिलं, तर विंगेत नुसती रिकामी खुर्ची.

तालीम पुढे सरकली. नायिका घर सोडून निघाली, दाराच्या कडीवर तिने हात ठेवला. मावशीने लिहिलेलं इथेच संपत होतं. सगळे उठले. काकांनी पडद्याच्या दोरीला हात घातला.

विंगेत कोणीतरी खोकलं.

नायिकेने त्या बाजूला कान दिला. हळूहळू तिचा चेहरा उजळला. कडीवरचा हात काढून ती वळली आणि कोणीही कधी न वाचलेलं वाक्य खणखणीत आवाजात म्हणाली,

"बसा सगळे. माझं अजून संपलेलं नाही."