मासा, घर, छत्री

“मासा!” छकुलीने ठणकावून सांगितलं.

नर्सने हातातलं कार्ड वळवून पाहिलं. “ही तर छत्री आहे.”

“अहो, तुमचा क्रम चुकलाय,” छकुलीची आई म्हणाली. बालवाडीतल्या बुटक्या खुर्चीवर ती गुडघे हनुवटीला लावून बसली होती. “छत्री तिसरी. पहिला मासाच असतो.”

‘असतो’ म्हणजे काय, ते नव्या नर्सला कळेना. प्रवेशाच्या दिवशी मुलांचं वजन, उंची आणि डोळे तपासायचे, एवढंच तिचं काम. चित्रांची बारा कार्डं बालवाडीच्या बाईंची होती, कोपरे झिजून गोल झालेली. मघाशी गठ्ठा तिच्या हातून निसटला होता आणि तिने हाताला येतील तशी कार्डं उचलली होती.

बाई मात्र खुदकन हसल्या. “टकळे, अजून पाठ आहे तुला?”

“झोपेतून उठवून विचारा, बाई!” आणि छकुलीची आई चालीवर सुरूच झाली. मासा, घर, छत्री, होडी, बदक, चावी. पुढच्या सहांत बाईंनीही सूर मिसळला. सव्वीस वर्षांपूर्वी ह्याच खोलीत, फ्रॉकला रुमाल टाचून, ती ह्याच बाईंसमोर हे म्हणत असे. तेव्हा बाईंची वेणी काळीभोर होती आणि खिडकी फार उंच वाटायची.

“हिला अंघोळ घालताना हेच, भरवताना हेच,” ती म्हणाली. “कालच सांगून ठेवलं, बाई चित्रं दाखवतील, पटापट म्हणायचं. बाई शाबासकी देतात.”

नर्सने गठ्ठा पुढे केला. “मग लावून द्या ना क्रमाने.”

बाईंनी हात पुढे केला आणि तसाच थांबवला. “नको,” त्या म्हणाल्या. “आहेत तशीच दाखव.”

पुढचं कार्ड बदकाचं निघालं.

“घर!” छकुली म्हणाली. मान ताठ, आवाज खणखणीत.

“अगं, नीट बघ की, सोन्या.”

“बघतेय.”

“लाजतेय ती,” आई घाईघाईने नर्सला म्हणाली. “नवीन माणूस ना तुम्ही. तशी फार गुणी आहे हो. दिवसभर एका जागी खेळते. माझ्यासारखं वारं नाही प्यायलेली.”

“धावते का गं घरी?” बाईंनी विचारलं.

“छे! रस्त्यात तर माझं बोटसुद्धा सोडत नाही. सगळे म्हणतात, नशीब काढलंस, असं शांत मूल...” वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

बाईंनी नर्सच्या गठ्ठ्यातलं एक कार्ड काढून आईच्या हातात दिलं. “तू धर. तिथे, कपाटापाशी उभी राहा. आणि तोंडातून एक अक्षर काढायचं नाही. तुला जड जाईल, ठाऊक आहे मला.”

कार्ड घराचं होतं. छकुलीने आईच्या दिशेने पाहिलं. “मासा,” ती म्हणाली. “घर? छत्री? होडी?” कुलपाला एकेक किल्ली लावून बघावी तशी ती सांगत गेली, आणि कुठल्या शब्दावर शाबासकी मिळते त्याची वाट बघत राहिली.

घर म्हणाली तेव्हाच मान हलवली असती तर झालं असतं. नर्सच्या कागदावर ‘ठीक’ पडलं असतं आणि दोघी घरी गेल्या असत्या. आईला तसं करावंसं फार वाटलं. तिने ओठ घट्ट मिटले आणि एक पाऊल पुढे टाकलं. मग आणखी एक. आपलं काहीतरी चुकतंय एवढं छकुलीला कळलं होतं.

बाई खाली बसल्या. “तीस वर्षं एकाच क्रमाने दाखवतेय गं मी,” त्या नर्सला म्हणाल्या. “किती पोरं अशी पाठ म्हणून गेली असतील! आणि मी पाठ थोपटत बसले.”

“हिचं तर कळलं ना, बाई? ह्या वयात चष्मा लावला की नजर चांगली तयार होते. मी डोळ्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी देते, उद्याच जाऊ देत.” नर्सने लिहायला घेतलं.

आईला त्यातलं निम्मंच ऐकू गेलं. ती लेकीसमोर गुडघे टेकून बसली होती. कार्ड आता वीतभर अंतरावर होतं. छकुलीने ते ओढून घेतलं आणि थेट नाकाशी नेलं.

“घर,” ती हळूच म्हणाली.

बोलायला लागल्यापासून ती रोज घर म्हणत आली होती. आता तिचं बोट छपरावरून फिरलं, दारावरून फिरलं आणि एका जागी थांबलं. तिने मान वर केली. चेहरा अगदी रुसलेला.

“आई, ह्याला खिडकी आहे. तू मला सांगितलंच नाहीस!”