तात्यांच्या बॅटरीचा पिवळा उजेड

"एलईडीवाल्याच्या घरचा आपण चहासुद्धा पीत न्हाय! उजेड तारेच्या बल्बचाच!" असं तात्या अख्ख्या शिवाजी पेठेत छातीठोक सांगायचे. त्यांच्या पितळी बॅटरीसारखा पिवळाधमक झोत पाडायचा, म्हणून शेजारच्या हंबीररावांनी अकरा वर्षं आपल्या बॅटरीत सेल वाढवले, बल्ब बदलले; डबाभर बल्ब उडाले. दर वेळी तात्या हसायचे, "हंबीरा, सेल आणि बल्बचं गणितच जमंना की तुला!"

कायमचं पुण्याला लेकाकडं जाताना तात्यांनी ती बॅटरी हंबीररावांच्याच हातात दिली. "फक्त पुढची काच उघडू नगंस. सेटिंग बिघडंल."

परवा ती लागेना. नवा बल्ब घेऊन हंबीररावांनी देव्हारा उघडावा तशी काच उघडली.



आत एलईडी होता, आणि त्यावर लिमलेटच्या गोळीचा पिवळा कागद.