तोंडावर नाही

बासरी विकायची तर गिऱ्हाइकाला वाजवून दाखवायला हवी, आणि डोनलला तिच्यातून साधा सूरही काढता येत नव्हता. म्हणून त्याने धाकट्या भावाला हाक मारली. पाहुणे आलेत, एखादी रील, नाचाची धून, ऐकव, एवढंच सांगितलं.

लॉर्कनने चुलीपाशी बसून तीन रील वाजवल्या. अगदी बाप वाजवायचा तशा. श्वास घ्यायच्या जागासुद्धा बापाच्याच. म्हाताऱ्याने मरताना बासरी थोरल्याच्या नावावर केली खरी, पण शिकवली धाकट्यालाच. शंभर वर्षांची ती काळ्या लाकडाची बासरी एकदाची घराबाहेर जायला हवी होती.

वॉटरफर्डहून आलेल्या हेनेबरींनी चहाचा कप खाली ठेवला. "वा! घेतली मी. हिची पेटी आहे ना?"

"घेतली म्हणजे?" लॉर्कनने बासरी सावकाश टेबलावर ठेवली.

"माझी आहे, मी विकतोय," डोनल म्हणाला.

"हलकटा! आणि वर माझ्याकडूनच वाजवून घेतलीस?"

लॉर्कनने त्याची गचांडी धरून त्याला फडताळावर आदळलं. आईच्या निळ्या बशा खळाखळा फुटल्या. डोनलने पोटात गुडघा घातला. दोघे काचांवरच लोळले. हेनेबरी "अहो, अहो" करत भिंतीला चिकटले. लॉर्कन भावाच्या छातीवर बसला आणि त्याचं डोकं फरशीवर आपटू लागला.

"म्हातारा तुला ओळखून होता! उगाच का त्याने तुला बासरीला हात लावू दिला नाही!"

लीट्रिमच्या त्या गावात दारू पिऊन डोकी फुटत, बरगड्या मोडत. पण बासरी वाजवणाऱ्याच्या तोंडावर कुणी हात टाकत नसे. लॉर्कनच्या हाडवैऱ्यांनीही कधी टाकला नव्हता. डोनलला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्याने मूठ आवळली आणि नेमकी तिथेच हाणली. मग पुन्हा हाणली.

पुढचे दोन दात फरशीवर पडले. वरचा ओठ नाकापर्यंत फाटला होता. लॉर्कन बाजूला कलंडला.

डोनलला स्वतःच्या मुठीची किळस आली. "तुम्ही जा, हेनेबरी," तो कसाबसा म्हणाला. "बासरी विकायची नाही."

लॉर्कन उठला. त्याने बासरी उचलली. आता ही आपल्या टाळक्यात बसणार, असं डोनलला वाटलं. बसावी, असंही वाटलं.

लॉर्कनने बासरीचे एकात एक बसवलेले तुकडे सुटे केले. काडीला फडकं गुंडाळून एकेक तुकडा आतून पुसला. ओलं राहिलं तर लाकूड तडकतं. त्याच्या हनुवटीवरून रक्त गळत होतं, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. एक थेंब लाकडावर पडला, तो मात्र त्याने लगेच टिपला. मग सगळे तुकडे पेटीत ठेवून त्याने ती हेनेबरींपुढे सरकवली.

"घेऊन जा." शब्द फाटक्या ओठातून नीट निघत नव्हते. "रोज वाजवा हिला. पडून राहिली तर मरेल."