खुब्यातली सळई

आईच्या खुब्यात बसवायची टायटॅनियमची सळई छगनने मुंबईहून आणली खरी, पण ती निघाली किसणीसारखी खरखरीत. धुळ्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करण्यात त्याची हयात गेली होती. हे असलं आईच्या हाडात? टोचून टोचून जीव घेईल म्हातारीचा! त्याने सळई पॉलिशच्या चाकावर धरली, आरशासारखी केली आणि मगच दवाखान्यात नेऊन दिली.

ऑपरेशन उरकून डॉक्टर बाहेर आले. "या वेळी कंपनीनं गुळगुळीत कशी पाठवली, कळत नाही. खरखरीत असली की हाडाच्या पेशी तिला धरून वाढतात. ऐनवेळी दुसरी नव्हती, म्हणून हीच बसवली. आता हाड तिला धरेल का, सांगता येत नाही."

स्ट्रेचरवरून आईने छगनचा हात दाबला.

"भाऊ, काहीच टोची नई राह्यनं रे."