तळटिपांसकट

“परत वाचा,” अध्यक्ष हॉलिस पेटिग्रू म्हणाले. “तळटिपांसकट.”

सचिव ओडेलनं चष्मा पुसला आणि बासष्ट पानांचा अहवाल पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केला. अहवाल एका झुलत्या पाळण्याचा होता. त्याच्या उतारामुळे झोपलेल्या बाळाची मान छातीवर कलते आणि श्वास अडतो. अकरा बाळं गेली होती. पाळणा अजून दुकानांत होता.

विनिफ्रेड टोलंडनं घड्याळाकडे पाहिलं. सव्वादोन. मत द्यायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

तीन आठवड्यांपूर्वी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातून तिला ईमेल आली होती. तुमची नेमणूक संपली, आभार. कारण नाही, चौकशी नाही. ती कोर्टात गेली. कायद्यानं ठरावीक मुदत दिलेल्या सदस्याला राष्ट्राध्यक्ष मनाला येईल तेव्हा काढू शकत नाहीत, असं आज सकाळी दहा वाजता न्यायाधीशांनी सांगितलं. साडेअकराला ती वॉशिंग्टनमधल्या आपल्या जुन्या खुर्चीत येऊन बसली. सरकारी वकील तोवर वरच्या कोर्टात पोचलेही होते.

बालवस्तू सुरक्षा आयोगात खुर्च्या पाच. तीन कधीच्याच रिकाम्या. उरलेल्यांत एक ती आणि दुसरे पेटिग्रू, याच राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले. नियम असा की पदावर जेवढे असतील तेवढ्या सगळ्यांनी बसूनच निर्णय करायचा. पाळण्याचा अहवाल कालच संध्याकाळी हाती आला होता. आणि सोमवारपासून आयोगाचा प्रत्येक निर्णय आधी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाला दाखवायचा, असा हुकूम निघाला होता. पाळण्याच्या कंपनीच्या मालकांची तिथे चांगलीच ऊठबस होती. म्हणजे जे काही व्हायचं ते आज, शुक्रवारी, पाचच्या आत.

पेटिग्रू मात्र बाविसाव्या पानावरचा तक्ता समजावून मागत होते. मग त्यांनी चाचणीतल्या बाहुलीचं वजन विचारलं. मग दहा मिनिटं बाहेर जाऊन आले. टेबलाखाली धरलेला फोन ते पुन्हा पुन्हा बघत होते, हे विनिफ्रेडच्या नजरेतून सुटलं नाही. कशाची वाट बघताहेत ते तिला कळत होतं. वरच्या कोर्टानं स्थगिती दिली की ती बाहेर. मग हे एकटे उरणार, आणि एकट्या माणसाला फाईल दाबायला काय लागतं?

मधल्या सुटीत तिनं पाण्याच्या यंत्रापाशी ओडेलला गाठलं.

“हे मुद्दाम वेळ काढताहेत.”

“मॅडम, मी इथे तीस वर्षं आहे,” ओडेल म्हणाला. “तळटिपा दोनदा ऐकणारा अध्यक्ष पहिल्यांदाच भेटला. मी लिहितो, पण मीसुद्धा त्या कधी वाचत नाही.”

तिला हसू आलं नाही. ईस्टरच्या आधीचे व्रताचे चाळीस दिवस चालू होते. या वर्षी तिनं गोड सोडलं नव्हतं. कोणाबद्दल वाईट मनात आणायचं नाही, एवढंच धरलं होतं. आज सकाळपासून ते किती वेळा मोडलं, ते तिचं तिलाच ठाऊक.

पावणेचारला तिचा धीर सुटला. “अध्यक्ष महाशय, बाळं तळटिपा वाचत नाहीत.”

“कंपनीचे वकील वाचतात,” पेटिग्रू शांतपणे म्हणाले. “पुढचं पान, ओडेल.”

चार वीसला ओडेल वाचता वाचता थांबला. समोरच्या संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिला. मग खालच्या आवाजात त्यानं सांगितलं: वरच्या कोर्टानं सकाळच्या आदेशाला स्थगिती दिली आहे. श्रीमती टोलंड या क्षणापासून सदस्य नाहीत.

पेटिग्रूंनी सोडलेला सुस्कारा तिला स्पष्ट ऐकू आला.

“जिंकलात,” ती म्हणाली आणि उठली. पर्स उचलून ती दाराकडे निघाली.

“वेळ लिहा, ओडेल.”

“चार वीस, साहेब.”

“आता पदावर किती जण?”

“आपण एकटेच.”

“मग त्या एकट्याचं मत लिहा. पाळणा धोकादायक आहे. दुकानांतले परत, घरोघरी गेलेले परत. पाचच्या आत जाहीर करा. नोटीस मी दुपारीच लिहून ठेवली आहे.”

विनिफ्रेड दारातच थबकली. ओडेल कागद घेऊन अक्षरशः धावत गेला.

“तुमचं मत त्यात असतं,” पेटिग्रू म्हणाले, “तर सोमवारी कंपनी कोर्टात उभी राहिली असती. मत देणारी बाई मुळात पदावरच नव्हती, म्हणाले असते, निर्णय रद्द करा. पाळणे पुन्हा दुकानात. आता काय म्हणतील? राष्ट्राध्यक्षांच्याच माणसानं दिलेलं मत आहे.”

“मला सकाळी सांगायचं होतंत.”

“विश्वास ठेवला असतात?”

ती दारातून परत आत आली. “आणि स्थगिती आलीच नसती तर?”

“पाचला दहा कमी असताना दोघांनी मिळून मत दिलं असतं. काहीच न होण्यापेक्षा ते बरं.”

“राष्ट्राध्यक्ष आता तुम्हालाही काढतील, हॉलिस.”

पेटिग्रूंनी कोट चढवला. “सकाळी निघतानाच बायकोला सांगून आलोय, सोमवारपासून माझा डबा करू नकोस म्हणून.”