झुलता गंधार

दरबारी रागातला गंधार जवळ आला तशी पहिल्या रांगेत बसलेल्या बाईंनी काठी हातात घेतली. तबल्यावरच्या केदारने मला डोळ्यांनी खुणावलं. मागच्या वर्षी याच सुराला माझ्या या गुरू भर मैफलीतून उठून गेल्या होत्या.

"तुझ्या सिंथेसायझरचा गंधार पहारेकऱ्यासारखा ताठ उभा राहतो," एवढंच नंतर म्हणाल्या. "दरबारीत तो झुलला पाहिजे."

वर्षभर मी त्यांच्या शिकवणीच्या जुन्या कॅसेट ऐकत बसले आणि त्यांचा गंधार जिथं टेकायचा, तिथवर यंत्राचा सूर खाली ओढत राहिले.

आता पट्टीवर बोट ठेवलं. गंधार खाली उतरला, संथ झुलला. पाठोपाठ बेस घुमला आणि मागची पोरं उभी राहिली. बाईही उठल्या. केदारचा ठेका क्षणभर डळमळला.

पण बाई दाराकडे वळल्या नाहीत. स्टेजलगतच्या माणसाएवढ्या स्पीकरकडे काठी रोखून, बेसलाही पुरून उरेल अशा आवाजात त्यांनी आयोजकांना सांगितलं, "माझी खुर्ची त्याच्यापाशी लावा. इथून गंधार नीट ऐकू येत नाही."